पाहण्यासारख्या दहा गोष्टी आणि आय

दक्षिण गोलार्धात मे महिन्यात हिवाळा तोंडावर आलेला असतो, हे मी पापडी गावच्या शाळेत सतरा वर्षं शिकवत होतो. फळ्यावर पृथ्वी काढायची, ती साडेतेवीस अंशांत कलती करायची, पिवळ्या खडूनं सूर्य रंगवायचा आणि मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला उठवून विचारायचं, 'आपल्याकडे उन्हाळा, तेव्हा ऑस्ट्रेलियात काय?' तो शेजाऱ्याकडे बघून 'हिवाळा, सर' म्हणायचा आणि मी 'बस खाली' म्हणायचो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हेच सर मे महिन्याच्या सुट्टीत आईला घेऊन ऑस्ट्रेलियातल्या एका समुद्रकाठच्या गावी निघाले. बॅगेत काय, तर पाच सुती शर्ट, उन्हाची टोपी आणि पोहायची चड्डी. आमच्या भुईगावात मे महिन्यात जे लागतं ते सगळं मी भरलं होतं. वर्गात शिकवलेलं आपल्यालाही लागू पडतं, हे आम्हा मास्तर लोकांच्या लवकर लक्षात येत नाही.

तिकडे माझी थोरली बहीण राहते. घरात आम्ही तिला बाय म्हणतो. ती नर्स, मेव्हणे आमच्याच भागातल्या सांडोर गावचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं गेली ती मेलबर्नपासून मोटारीनं तीन तासांवरच्या एका लहान गावात स्थिरावली. गावाचं नाव मी सांगणार नाही. बाय अजून तिथंच राहते, शेजारपाजाऱ्यांत तिला मान आहे, आणि पुढं जे सांगणार आहे त्यात आम्ही काही फार शोभून दिसत नाही.

आमची आई, म्हणजे आय, तेव्हा सदुसष्टची होती. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. भुईगावच्या घरात आम्ही दोघंच, आय आणि तिचा बेचाळीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा. माझ्यासाठी स्थळं आणणारी माणसंसुद्धा एव्हाना म्हातारी होऊन घरी बसली होती. बायचा फोन आला, 'आयला घेऊन ये. सहा आठवडे बघू दे तिला सगळं. आवडलं तर कायमची राहील माझ्याकडे. दोन्ही मुलं कॉलेजला शहरात गेलीत, खोली रिकामीच आहे. कागद मी तयार ठेवते, तिची सही तेवढी हवी.'

'आणि मी?' हे मी विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या माणसानं विचारण्यासारखा प्रश्न नव्हता तो. मी म्हणालो, 'आयला तिथं करमायचं नाही.'

'ते आयला ठरवू दे,' बाय म्हणाली.

खरं सांगतो, आय तिकडे राहिली तर संध्याकाळी घरात दिवा कोण लावणार, हा प्रश्न नव्हता. दिवा मलाही लावता येतो. दिवा लावल्यावर भांडायचं कोणाशी, हा होता. पण बायला नाही म्हणायची माझी टाप नव्हती आणि आय तर फोन ठेवल्या ठेवल्या माळ्यावरची ट्रंक काढायला निघाली होती. मी मनात ठरवलं, ठीक आहे, जाऊ. सहा आठवडे आहेत. आयला ते गाव आवडू द्यायचं नाही एवढंच आपलं काम.

पहिला डाव विमानतळावरच माझ्या बाजूनं पडला. बायनं बजावून सांगितलं होतं की खायचं काही आणू नका. आयनं 'बरं' म्हटलं आणि लुगड्याच्या घड्यांमध्ये सुकेळी भरली. आमच्याकडची राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी, लेकीला आठ वर्षांनी भेटताना ती न नेणं आयच्या हिशेबात पापच होतं. विमानात सामानाचा कागद भरताना तिनं मला विचारलं, 'खोटं लिहिलंस का?' मी म्हणालो, 'नाही अजून.' 'लिहू नको,' ती म्हणाली. मग तपासणीच्या टेबलावर आम्ही सगळी सुकेळी मांडली आणि हातमोजे घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं ती दोन बोटांनी उचलून डब्यात टाकली. आय मला म्हणाली, 'फेकण्यापेक्षा खा म्हणावं त्याला. एक तरी खा म्हणावं.' मी तसं सांगितलं. तो हसला, पण खाल्लं नाही. आय बाहेर येईपर्यंत वळून वळून त्या डब्याकडे बघत होती आणि मला वाटलं, सुरुवात तर झकास झाली.

बाहेर थंडी अशी, की माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. बायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'तू भूगोल शिकवतोस ना रे?' एवढंच म्हणाली. मेव्हण्यांचा जुना कोट तिनं आयसाठी आणला होता. मला त्यांच्या मुलाचं एक जर्किन मिळालं, त्यावर मोठ्या अक्षरांत कुठल्याशा फुटबॉल क्लबचं नाव होतं. पुढचे सहा आठवडे अनोळखी माणसं रस्त्यात मला त्या क्लबबद्दल काहीबाही विचारत राहिली आणि मी हो हो करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनं टेबलावर एक रंगीत पत्रक ठेवलं. गावाच्या पर्यटन कचेरीतून आणलेलं. ह्या गावात पाहण्यासारख्या आणि करण्यासारख्या दहा गोष्टी, असा त्याचा मथळा. प्रत्येक गोष्टीसमोर बायनं पेनानं वार लिहिला होता, आणि आपली ड्युटी कधी आहे तेही. आमच्या घराण्यातच मास्तरकी आहे. मी ते पत्रक तिच्याआधी पाठ केलं. शत्रूचा नकाशा हाती आल्यासारखं वाटलं मला.

पहिली गोष्ट दीपगृह. दाराला कुलूप आणि दारावर पाटी, हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बंद. दुसरी गोष्ट, होडीतून सील मासे बघायला जाणं. तीही बंद, सीझन संपला. तिसरी, उघड्यावरचा सिनेमा, म्हणजे ते तर विचारूच नका. मी आयकडे बघून खांदे उडवायचो. एकदा म्हणालोही, 'बाय, तुझ्या गावाला आम्ही आलेलं आवडलेलं दिसत नाही.' बाय चिडली. 'मे महिन्यात येतं का कोणी इथं?' तेव्हा मेव्हणे हळूच म्हणाले, 'भूगोलाचे मास्तर येतात.' एरवी बोलत नाही हो तो माणूस.

चौथी गोष्ट होती वाळूवर ओळीनं उभ्या असलेल्या लाकडी खोल्या. एक निळी, एक पिवळी, एक लाल पट्ट्यांची. लोक त्यांचे फोटो काढायला लांबून येतात, असं पत्रकात होतं. आयनं मेव्हण्यांच्या कोटात हात घालून सगळी ओळ नीट पाहिली आणि बायला विचारलं, 'संडासं इतकी रंगवलीत कशाला?' बायनं समजावलं की संडास नाहीत ते, उन्हाळ्यात कपडे बदलायला आणि खुर्च्या ठेवायला आहेत. 'खुर्च्यांना घर?' आय म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिथंच एक फोटो काढून घेतला.

पण फोटोंचं एक वेगळंच झालं. आय आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं गुडघ्याखाली येणारं लाल लुगडं नेसायची. त्यावर मेव्हण्यांचा करडा कोट, पायात बायचे कॅनव्हासचे बूट. अशी ती वाळूवरून चालली की रंगीत खोल्यांचे फोटो काढायला आलेली माणसं तिच्याकडे वळायची. एकदा एका जोडप्यानं खुणेनं विचारलं, फोटो काढू का? मला वाटलं आय रागावेल. तिनं पदर सारखा केला, कोटाची बटणं लावली आणि पासपोर्टला उभी राहते तशी उभी राहिली. संध्याकाळी बाय म्हणाली, 'पत्रकात आता अकरावी गोष्ट घालायला हवी.' आय हसली, आणि चांगली खळखळून हसली. मी चहात जास्तीची साखर घातली.

पाचवी गोष्ट मासे आणि बटाट्याचे काप. कागदाच्या पुडक्यात गरमगरम देतात आणि लोक समुद्राकडे तोंड करून खातात. आयनं मासा मोडून आत बघितलं. 'काटा कुठं गेला?' मी म्हणालो, 'काढून टाकतात इथं.' 'मग मासा आहे हे कळणार कशावरून?' माझा गुण. पण तिनं संपवलं सगळं, आणि वर म्हणाली की माझ्या दातांना बरा पडतो. हा गुण कोणाचा, ते ठरवता येईना.

देवमासे ही सातवी गोष्ट. सहावी काय होती ते आता आठवत नाही, बहुतेक बेकरी. देवमासे हिवाळ्यातच येतात, हे बायच्या नशिबानं. उंच कड्यावर लाकडी कठडा बांधलाय, तिथं उभं राहायचं आणि बघत राहायचं. आम्ही तासभर बघितलं. वारा तर असा की माझ्या डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी. शेवटी मी मोठ्यानं म्हणालो, 'चला आता, इथं काही दिसायचं नाही,' आणि नेमका त्याच वेळी समोर पाण्यातून एक काळी पाठ वर आली. केवढी ती. आली, फुर्र करून पाण्याचा फवारा उडाला आणि सावकाश खाली गेली. आयनं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर बोटं नेऊन क्रूस केला. 'देवा रे,' एवढंच म्हणाली. बायनं माझ्याकडे असं काही बघितलं, जणू देवमासा तिनंच पाळलाय. मी रुमालात नाक शिंकरलं आणि म्हणालो की आपल्या समुद्रातही असतील, आपण कधी एवढा वेळ उभं राहून बघत नाही.

आता एक कबुली. आयनं स्वतःहून एक गोष्ट केली होती, ती पत्रकात नव्हती आणि तीच मला माझी सगळ्यात मोठी जीत वाटली होती.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाय ड्युटीवर होती. ओहोटी लागलेली. आय आणि मी किनाऱ्यावर फिरत होतो आणि खडक उघडे पडलेले पाहून आयचे हात शिवशिवले. भुईगावात ओहोटीला बायका शिंपल्या गोळा करायला जातात, आय लहानपणापासून जात आली होती. मी मागं वळून बघतो तर तिनं कोट काढून वाळूवर ठेवलाय, लुगडं खोचलंय, बायच्या घरातला चमचा कुठून तरी हातात आलाय आणि ती वाकून खडकावरून शिंपल्या काढतेय. ज्या थंडीत मी मेव्हण्यांचे दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो त्याच थंडीत ही घोट्याएवढ्या पाण्यात. मी ओरडलो, 'आय, आजारी पडशील.' तिनं लक्ष दिलं नाही. उलट मला म्हणाली, 'टोपी दे तुझी.' माझी उन्हाची टोपी अखेर कामाला आली. ती अर्धी भरली तेव्हा खाकी कपड्यांतला एक उंच माणूस खडकांवरून चालत आला.

त्यानं अतिशय सभ्यपणे सांगितलं की इथल्या खडकांवरून काहीही काढायला बंदी आहे. मी आयला सांगितलं. आय म्हणाली, 'विचार त्याला, समुद्र कोणाचा आहे?' मी त्याला म्हणालो, 'ती म्हणतेय, माफ करा.' तो म्हणाला, परत ठेवल्या तर काही हरकत नाही. तेव्हा आय पुन्हा वाकली आणि टोपीतली एकेक शिंपली जिथून काढली होती तिथंच, जशी होती तशीच ठेवायला लागली. कुठली कुठून काढली ते तिला बरोबर माहीत होतं. खाकी माणूस बघत राहिला. थोड्या वेळानं तोही वाकून तिला मदत करायला लागला, आणि एक त्यानं उलटी ठेवली तर आयनं त्याच्या हातावर हलकीशी चापट मारून ती सुलटी केली.

बाजूलाच लाकडी जेटी समुद्रात गेलेली. तिच्या कठड्याला टेकून काळ्या झग्यातली एक म्हातारी हे सगळं बघत होती आणि पोट धरून हसत होती. मला तिचा रागच आला. घरी येताना आयनं रिकामी टोपी माझ्या हातात दिली, आणि मी संध्याकाळी बायला अगदी दुःखी चेहऱ्यानं सांगितलं, 'तिचा अपमान झाला गं. अशा गावात ती राहील का?'

त्यानंतर मला सर्दी झाली. म्हणजे सर्दी झालीच होती, पण आता ती अंथरुणावर पडण्याइतकी झाली. बायच्या घरातल्या हीटरपाशी मी दिवसभर पडून असायचो. सकाळी दहाच्या सुमाराला आय म्हणायची, 'जरा फिरून येते,' आणि जेवायच्या वेळेला परत यायची. रोज. पावसाची भुरभुर असली तरी. सर्दी बरी झाल्यावरही मी हीटर काही सोडला नाही, आणि तिचं फिरणंही थांबलं नाही. मी मनात म्हणायचो, बघा, माणसाचं घरात मन लागत नाही की असं होतं. बाय ड्युटीवरून आली की तिला ऐकवायचो, 'आज पुन्हा गेली होती. येरझाऱ्या घालते नुसती. करमत नाहीये तिला, तुला दिसत नाही?' बायचा चेहरा पडायचा. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त बरं वाटायचं.

परतायला आठवडा राहिला तेव्हा रविवारची चर्चमधली मिस्सा झाल्यावर बायनं कागद काढले. जेवणाचं टेबल पुसलं, कागद मांडले, पेन शेजारी ठेवलं. मेव्हणे उगाचच वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत होते. बाय म्हणाली, 'आय, तुझी खोली आहे, मी आहे. मिस्सेला चालत जाता येतं. तुला हवं ते कर इथं. राहा.'

आयनं कागदांवरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं. मी हीटरपाशी बसलो होतो, हातात रुमाल. मग तिनं पेन उचलून बायच्या हातात परत दिलं. 'नको बाय. मी जाते घरी.'

बाय रडली. आयनं तिला जवळ घेतलं. मीही डोळे पुसले, पण मला ठाऊक आहे ते पाणी कसलं होतं. त्या दिवशी दुपारी मी दोनदा भात घेतला.

निघण्याच्या आदल्या दिवशी आय सकाळपासून स्वयंपाकघरात होती. तिनं फुगे तळले. हे आमच्याकडचे लग्नाकार्यातले, आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे, तळताना टम्म फुगतात. डबाभर केले आणि मला म्हणाली, 'माझ्याबरोबर जेटीपर्यंत चल. हा डबा द्यायचाय.'

'कोणाला?'

'चल तर.'

मी आनंदात होतो, म्हटलं चला. तोपर्यंत जेटीवर मी कधी गेलोच नव्हतो. पत्रकात ती नवव्या क्रमांकावर होती आणि बायनं लिहिलेल्या दिवशी मला सर्दी होती. जेटीच्या टोकाला, वाऱ्याच्या आडोशाला तीच काळ्या झग्यातली म्हातारी बसली होती. समोर बादली, बादलीत लहान लहान माकुल, तिकडे स्क्विड म्हणतात ते. तिच्या शेजारी दुसरं एक स्टूल होतं. त्यावर लोकरीची उशी होती, आणि उशीवर बसायची जागा दबून खोलगट झालेली. आय जाऊन त्यावर बसली. कोटाच्या खिशातून तिनं सुरी काढली आणि बादलीत हात घातला.

ही बाई इटलीतून पन्नास वर्षांपूर्वी आलेली, नवरा कोळी होता, तो वारला, मुलं लांब, हे मला बायनं नंतर सांगितलं. सगळं गाव तिला ओळखतं. इंग्रजी तिला अजून धड येत नाही. आयला तर येतच नाही. मला वाटलं, ह्या बोलत तरी काय असतील? माकुल साफ कसं करायचं यावरून आयनं पहिल्याच दिवशी तिच्या हातातली सुरी काढून घेतली असणार, याची मला खात्री होती. पण त्यानंतर?

मी कठड्याला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं म्हातारीनं हात न थांबवता काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि आयनं लगेच पुढचं म्हटलं. मग पुन्हा ती, पुन्हा आय. मला समजायला जरा वेळ लागला. लॅटिन होतं ते. आय लहान होती तेव्हा आमच्या देवळात सगळी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. पोरींना एका शब्दाचा अर्थ कळायचा नाही, पण कानावर पडून पडून संतांच्या नावांची प्रार्थना, लितानी, तोंडपाठ झालेली. पुढं सगळं मराठीत आलं आणि ते लॅटिन आयच्या पोटात तसंच राहून गेलं. मी जन्मात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. समुद्रापारच्या एका म्हातारीनं ते बाहेर काढलं होतं. एकीनं संताचं नाव घ्यायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं, आणि मध्येच कोणाचं तरी चुकलं की दोघी सुऱ्या खाली ठेवून हसायच्या.

निघताना म्हातारीनं आयचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हात माशाचे होते. आयनं पुसलं नाही.

जेटीवरून परत चालताना मी विचारलं, 'आय, रोज इथं यायचीस?'

'रोज.'

'मला वाटलं तुला घरात करमत नाही म्हणून.'

'असं कोण म्हणालं?'

मी म्हणालो होतो. सहा आठवडे मीच म्हणत होतो. 'म्हणजे तुला आवडलं होतं इथं?'

'आवडलं की. चांगलं गाव आहे.' ती शांतपणे म्हणाली. 'भुईगावात माझ्या वयाच्या किती राहिल्यात सांग. शिंपल्यांना माझ्याबरोबर येणारी शेवटची, ती परवाच्या ईस्टरनंतर गेली. दिवसभर मी त्या ओट्यावर बसते. संध्याकाळी तू येतोस आणि वह्या तपासत बसतोस. इथं ही एक मिळाली होती.'

'मग बायला नको का म्हणालीस?'

आय थांबली. परीक्षेत मी नापास झालो की ती ज्या नजरेनं बघायची, रागानं नव्हे, नुसतं आता ह्याचं काय करायचं अशा, त्याच नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

'सहा आठवडे तुझं तोंड बघतेय मी,' ती म्हणाली. 'तुला तिकडे एकट्याला टाकून माझ्या गळ्याखाली घास उतरेल का रे?'

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, आय, तू राहा. मी करीन माझं. बेचाळीस वर्षांचा बाप्या आहे मी, भात लावता येतो मला. कागद अजून बायच्या कपाटात होते, पेन होतं, एक दुपार हातात होती. शब्द अगदी तोंडापर्यंत आले होते. खोटं सांगत नाही.

मी म्हणालो, 'चल, वारा सुटलाय.'

'चल,' आय म्हणाली आणि माझ्यापुढं चालायला लागली.

भुईगावात आल्यावर दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या. तिकडे काय काय बघितलंस, सांग. आयनं देवमासा सांगितला, रंगीत संडासं सांगितली, शिंपल्या परत ठेवल्या ते साभिनय करून दाखवलं. जेटीबद्दल ती काही बोलली नाही. मग एकीनं विचारलंच, 'लेकीनं राहा म्हटलं असेल की. राहिली का नाहीस?'

'हवाच मानवली नाही मला तिकडची,' आय म्हणाली. 'ह्याला मात्र फार आवडलं होतं हो गाव. माझ्यासाठी परत आला बिचारा.'

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, मुलगा असावा तर असा. आय माझ्याकडे बघत नव्हती, मांडीवरच्या पदराची किनार नीट करत होती. मी म्हणालो, 'बसा, चहा ठेवतो,' आणि आत गेलो.